बर्फहॉकीचा विग्रह

आमच्या ह्यांना समास सोडवायचा नाद आहे. दुसऱ्यांचे नवरे पत्ते कुटतात, तंबाखू मळतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. आमचे हे ताटात पुरणपोळी पडली तरी आधी तिचा विग्रह करतात आणि मग तुपाकडे बघतात. जगन्नाथराव घनसावंगीच्या शाळेत मराठी शिकवत आणि मी तिथल्याच मुलींच्या शाळेत भूगोल. त्यामुळे आमच्या घरात भांडण व्हायचं ते व्याकरण आणि भूगोल यांच्यात. बहुतेक वेळा व्याकरण जिंकायचं, कारण भूगोलाला स्वयंपाकही करायचा असे.

शिवाय हे जिल्हा हॉकी संघटनेचे सचिव होते. जिल्ह्यात हॉकी फारसं कोणी खेळत नव्हतं, पण संघटना होती, आणि संघटनेला इतिवृत्त लिहायला शुद्ध मराठी येणारा माणूस लागत होता. ह्यांनी आयुष्यात हॉकीची काठी हातात धरली नव्हती. पण इतिवृत्तात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली नसती, हे मीसुद्धा मान्य करते.

सत्त्याण्णव साली गणपती उठले आणि हिमाचलातल्या एका डोंगरी गावाहून ह्यांना पत्र आलं. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाचा राष्ट्रीय आइस हॉकी संघ जानेवारीत भारतात येणार होता. त्या डोंगरी गावाला त्यांच्याशी मैत्रीचा सामना ठेवायचा होता. पण पाहुणे उन्हाच्या मुलखातले, त्यांच्यासमोर बर्फात वाढलेली आपली पोरं उभी करणं बरं दिसणार नाही, म्हणून समोरचा संघही उन्हातलाच हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी देशातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या तापणाऱ्या जिल्ह्यांना पत्रं धाडली होती. बाकीच्या जिल्ह्यांनी ती फाडून टाकली असावीत. आमच्या जिल्ह्यात पत्र व्याकरणाच्या हाती पडलं.

मी नकाशा काढला आणि ते बेट शोधलं. टाचणीच्या डोक्याएवढं होतं. तिथं काय पिकतं ते वाचलं तर ऊस, आणि हवा कशी तर दमट आणि उष्ण. म्हणजे घनसावंगीच, फक्त भोवती समुद्र. ह्या लोकांना बर्फावर खेळायची अवदसा कुठून आठवली असेल, असं मी म्हणाले, आणि तिथंच ह्यांनी मला अडवलं.

"बर्फावर नाही, बर्फाने," हे म्हणाले. "आइस हॉकी म्हणजे बर्फहॉकी. बर्फाने खेळायची हॉकी. तृतीया तत्पुरुष."

"अहो, तिकडे तळी गोठतात. त्यावर उभं राहून खेळतात."

"अरुंधती, लेदर बॉल क्रिकेट म्हणजे काय?"

"कातडी चेंडूनं खेळायचं क्रिकेट."

"कातड्यावर उभं राहून कोणी खेळतं का? नाही. मग बर्फावर उभं राहून हॉकी कोण खेळेल? घसरणार नाही का माणूस?"

"आणि टेबल टेनिस? ते काय टेबल उचलून मारतात?"

ह्यांनी पत्राची घडी घातली आणि पुन्हा उघडली. मला वाटलं, आज भूगोल जिंकला.

"तो अपवाद," हे म्हणाले. मग त्यांनी पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'आइसची सोय आमच्याकडून केली जाईल,' असं तिथं लिहिलं होतं. "बघ. चेंडू ते देणार आहेत." आणि हे होकाराचं उत्तर लिहायला बसले.

संघ जमवायला वेळ लागला नाही. दिल्लीच्या पुढे फुकट जायला मिळतंय म्हटल्यावर अर्धं गाव हॉकीपटू निघालं. ह्यांनी त्यातली पळणारी पोरं निवडली आणि बाभळीच्या वाकड्या काठ्या तासून घेतल्या. बर्फ झुंबरबाईंचा. स्टँडवर त्यांची रसवंती होती, आणि जालन्याच्या कारखान्यातून एसटीच्या टपावर गोणपाटात भुसा भरून बर्फाची लादी त्यांच्याकडे यायची. तिच्यातला नारळाएवढा तुकडा फोडून हे मैदानात टाकायचे आणि शिट्टी वाजवायचे.

ऑक्टोबरचं ऊन होतं. नारळाचं लिंबू व्हायला फार वेळ लागत नव्हता. त्यामुळे ह्या खेळाचे नियम आपोआप तयार झाले आणि ह्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून काढले. चेंडू वितळला की मध्यंतर. चेंडूचे दोन तुकडे होऊन दोन्ही जाळ्यात गेले तर मोठा तुकडा धरावा. चेंडू तोंडात घालू नये. हा शेवटचा नियम कचरूसाठी होता. कचरू आमचा गोलरक्षक. अडवलेला प्रत्येक चेंडू तो आधी चोखायचा आणि मग परत फेकायचा.

पण एक गोष्ट खरी. आमची पोरं विजेसारखी खेळायला लागली. चेंडू मागे देणं, थांबून विचार करणं, असले लाड त्यांना परवडतच नव्हते. "जल्दी, जल्दी, पाणी होऊन राह्यलंय," असा एकच ओरडा मैदानात चालायचा. डिसेंबरात थंडी पडली आणि बर्फ टिकायला लागला, तेव्हा मॅच लांबते म्हणून पोरांनी ह्यांच्याकडे तक्रार केली.

सगळ्यांत पुढे कडूबा असायचा. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईनं असलं नाव ठेवलेलं. स्वभावानं पोरगा उसाच्या रसासारखा. बारावीला इंग्रजीत अडकला होता आणि थोरल्या भावाबरोबर शेती बघत होता. बर्फ फुटू न देता तो मनगटानं असा काही ढकलायचा की चेंडू सरळ जाळ्यात जाऊन बसायचा. मला हॉकीतलं काही कळत नाही, पण कौतुक वाटावं असं काही तरी त्या मनगटात होतं.

हे कौतुक वाटणारी मी एकटी नव्हते. उषा माझी विद्यार्थिनी. जाफराबादकडची, पण घनसावंगीला आत्याकडे राहून माझ्या शाळेत शिकली. आत्याच्या गच्चीतून मैदान दिसायचं, आणि त्या हिवाळ्यात तिच्या गच्चीवर वाळवणाचं काम काही संपेना. शेवटी तिनं वडलांना सरळ सांगितलं की मला कडूबाशी लग्न करायचं आहे. दोन्ही घरं एकाच जातीतली, दूरची सोयरीकही होती. अडचण एकच होती, कडूबाला नोकरी नव्हती.

बद्रीनाथ, म्हणजे उषाचे वडील, तडक आमच्या घरी आले. धोतर, टोपी, आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय असं गृहीत धरलेली नजर. जालन्यात बियाण्याच्या कंपनीतल्या एका सुपरवायझरचं स्थळ त्यांनी उषासाठी जवळजवळ पक्कं केलं होतं. कडूबाही तेव्हा आमच्याकडेच होता. तो दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता.

"हे पोरगं करतं तरी काय?" बद्रीनाथांनी विचारलं.

"देशाकडून खेळणार आहे," हे म्हणाले.

"खेळतं तर समदंच. गोल करतं का?"

"करतो की, मामा," कडूबा म्हणाला.

"मी अडाणी माणूस हाय, बाई," बद्रीनाथ माझ्याकडे वळून म्हणाले. "ऐकीव गोष्टीवर पोरगी देत न्हाई. मी तुमच्या संगं येतो. ह्यानं माझ्या डोळ्यांदेखत एक गोल केला, का थितंच सुपारी फोडतो. न्हाई केला, तर चैतात सुपरवायझरसंगं लगीन. मंग कोणी तोंड उघडायचं न्हाई. बोला, बराबर हाय का न्हाई?"

कडूबानं मान हलवली. पोरीचं आयुष्य हॉकीच्या काठीला टांगलेलं बघून माझं डोकं फिरलं होतं, पण बाहेरच्या खोलीत पुरुषांचं ठरलं म्हणजे ठरलं. दुसऱ्या दिवशी मी उषाला शाळेत बोलावून घेतलं आणि विचारलं, "तुला हाच का पाहिजे गं?"

"सुपरवायझर पाहायला आल्ता, बाई," ती म्हणाली. "त्यानं माझं नाव इचारलं, मार्क इचारले, उंची इचारली. कडूबा पहिल्यांदा बोलला तवा त्यानं इचारलं, उरलेला बर्फ तुला पाहिजे का. तुम्ही जा त्याच्या संगं. सरांच्या भरवशावर मी न्हाई राहू शकत."

म्हणून मीही निघाले, संघाची व्यवस्थापक म्हणून. जालन्याहून दिल्लीच्या गाडीत बसलो. बद्रीनाथांनी एक गोधडी, भाकरींचं गाठोडं आणि ठेच्याचा डबा घेतला होता. सगळ्या प्रवासात ते कडूबाच्या समोरच्या बाकावर बसले आणि बैल विकत घेताना पाहावं तसं त्याला पाहत राहिले. कडूबा बिचारा घास गिळायलाही लाजत होता. पुढं बस लागली, बसच्या काचांवर बाहेरून पांढरं साचायला लागलं, आणि पोरं एकमेकांना दाखवायला लागली की बघा, इथं चेंडू फुकट आहेत. हे माझ्याकडे बघून समाधानानं हसले.

सकाळी संयोजकांनी आम्हाला मैदान दाखवायला नेलं. भिंतीवरच्या पोस्टरवर बेटाचं नाव होतं आणि समोर 'हॉट इंडिया' असं लिहिलं होतं; जालना कुठंच नव्हतं. मग फाटक उघडलं. आत उन्हाळ्यात टेनिस खेळायची जागा होती. तिच्यात पाणी सोडून ते गोठवलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरशासारखं गुळगुळीत.

"सर, चेंडू कुठंय?" कडूबानं विचारलं.

संयोजकांनी खिशातून रबराची एक काळी चकती काढली. पोरांनी ती हातोहात फिरवली. कचरूनं सवयीनं ती तोंडाशी नेली, वास घेतला आणि खाली केली. "ह्यो बर्फ न्हाई," तो म्हणाला.

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पायाखालच्या बर्फाकडे पाहत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी एकच शब्द उच्चारला.

"सप्तमी."

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला बोलायची गरज वाटली नाही. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं प्रेमही आलं. मी माझी शाल काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली. "चला आता," म्हटलं, "बर्फ पायाखाली आहे तर पायाखाली. परत तर जाता येत नाही."

पाहुण्या संघानं आम्हाला जास्तीचे बूट दिले. बुटांच्या तळाला लोखंडी पातं होतं. बद्रीनाथांनी त्यावरून अंगठा फिरवला. "ह्याच्यावर उभं राह्यचं का ऊस तोडायचा?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पायऱ्यांवर गोधडी पांघरून बसले.

बेटावरची माणसं मोठी गोड होती. त्यांच्या देशात बर्फ म्हणाल तर तो सरबताच्या पेल्यात. गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत चाकांचे बूट घालून ते शिकले होते, आणि खऱ्या बर्फावर त्यांचेही मोजके दिवस गेले होते. त्यांच्या कप्तानानं ह्यांना विचारलं की तुम्ही कशावर सराव केला. ह्यांनी मान खाली घालून, शुद्ध इंग्रजीत, खरं काय ते सांगितलं. कप्तान हसता हसता बर्फावर बसला. पण हसून झाल्यावर तो कडूबाकडे वळला आणि विचारलं, मग चेंडू टिकायचा किती वेळ? इंग्रजीत अडकलेल्या कडूबाला हा प्रश्न बरोबर कळला. त्यानं दोन हातांनी नारळ दाखवला, मग दोन बोटांनी लिंबू दाखवलं, आणि मग मोकळा पंजा उघडून दाखवला. कप्तानानं तो पंजा हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

सामना सुरू झाला. त्याचं वर्णन काय करायचं? माणसं पडत होती. आमची पडत होती, त्यांची पडत होती, शिट्टी वाजवणारा आमच्या पोरांत अडकून पडत होता. फरक इतकाच की ती पडली की हसून उठायची आणि आमची पडली की जवळच्या माणसाला धरून त्यालाही खाली घ्यायची. कचरूनं जाळ्याच्या खांबाला मिठी मारली होती आणि ती सोडायला तो बिलकुल तयार नव्हता. चकती त्याच्या शेजारून आत जात होती आणि तो तिच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहत होता. बेटाचे गोल वाढत चालले. आमचा एकही नव्हता.

मी बद्रीनाथांच्या शेजारी बसले होते. ते खेळाकडे बघतच नव्हते, फक्त कडूबाकडे बघत होते. कडूबा उठायचा, दोन पावलं जायचा, आडवा व्हायचा. पुन्हा उठायचा. त्याच्या कपाळाला खोक पडली होती. मला गच्चीवरची उषा दिसत होती आणि चैत्र समोर येऊन ठाकला होता. देवाला मी सहसा त्रास देत नाही, पण त्या दिवशी शेजारच्या जांबेच्या समर्थांपासून आमच्या कुलदैवतापर्यंत सगळ्यांना मी त्या थंडीत उभं केलं होतं.

शेवटची थोडी मिनिटं राहिली असतील. कुणाच्या तरी पडण्यातून चकती निसटली आणि घरंगळत कडूबापाशी आली. त्या वेळी तो गुडघ्यांवर होता. गुडघ्यांवरूनच त्यानं काठी फिरवली, एका हातानं चकती ढकलत उठला, आणि कसा कोण जाणे, उभा राहिला. मग घनसावंगीच्या मैदानावरची सवय अंगात आली. चेंडू वितळायच्या आत पोचायचं, एवढंच त्याला माहीत होतं. तो सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. ह्यांनी शाल फेकून दिली आणि ते ओरडायला लागले, "कडूबा, जल्दी, जल्दी." बेटाच्या कप्तानाला चुकवताना कडूबाचा पाय फिरला, तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला, पण पडला नाही आणि चकतीही सोडली नाही. समोर जाळं दिसलं. जाळ्यात कचरू खांबाला धरून ओरडत होता, "अरं कडूबा, मी हाय, मी हाय." कडूबाला वाटलं, कचरू धीर देतोय. त्यानं मनगट हलकंच वळवलं आणि चकती अलगद, आवाजही न होता, जाळ्यात जाऊन बसली.

त्या दिवसातला सगळ्यांत देखणा गोल तो. बेटाच्या खेळाडूंनी काठ्या बर्फावर आपटून त्याला दाद दिली. कडूबा दोन्ही हात वर करून उभा राहिला, कुणाचाही आधार न घेता, आणि त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं.

बद्रीनाथ गोधडीसकट उठले होते. "केला," ते म्हणाले. "केला की ओ पोरानं." मग त्यांची नजर पोरांच्या चेहऱ्यांवरून फिरली. आमच्या संघातलं कोणीच नाचत नव्हतं. "बाई," त्यांनी मला विचारलं, "ते जाळं कोणाचं हाय?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्या माणसाला कुठली बाजू कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नसतं. पण आयुष्यभर पोरींना दिशा शिकवल्या, आता उत्तरेला दक्षिण कसं म्हणू? तरी मी म्हणणार होते. उषासाठी मी म्हणणारच होते. तेवढ्यात कडूबा स्वतः कठड्यापाशी आला. त्याला कळलं होतं.

"मामा, गोल आपल्याच्यातच झाला," तो म्हणाला. "धरू नका. सुपारी राहू द्या तुमची." एवढं बोलून तो वळला आणि पडला. मला रडू आवरलं नाही.

सामना संपला. बेटाच्या संघानं सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि फोटो काढले. आमचे हे एका कोपऱ्यात उभे राहून कडूबाच्या खांद्यावर हात ठेवत होते आणि काढत होते. दुपारी बद्रीनाथ जेवले नाहीत.

संध्याकाळी उषाला फोन करायचं ठरलेलं होतं. आत्याच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं ती येऊन थांबणार होती. बाजारातल्या एसटीडी बूथमध्ये बद्रीनाथ शिरले. मी शिरले, हे शिरले, आणि बाहेरच्या थंडीत सगळा संघ काचेला नाक लावून उभा राहिला. कडूबा मात्र लांब रस्त्याच्या कडेला होता. बद्रीनाथांना फोनची सवय नव्हती. रिसीव्हर कानाला लावायला ते घाबरत. तोंडापासून वीतभर लांब धरून बोलायचे. त्यामुळे तिकडचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू आला.

"आप्पा, गोल केला का त्यानं?" उषानं नमस्कारसुद्धा न करता विचारलं.

"केला," बद्रीनाथ म्हणाले. "पर आपल्याच्यातच केला."

तिकडं दुकानातला तराजू खणखणला.

"लई पडला का?" तिनं विचारलं.

"लई पडला. कपाळ फुटलंय."

"मंग गोल कोणाच्यात झाला ते तुम्हाला कसं कळलं? बाईंनी सांगितलं?"

बद्रीनाथांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले. "त्यानंच येऊन सांगितलं. मला तर पत्ता बी लागला नसता."

मग उषा बोलली, आणि तिचा आवाज जराही कापत नव्हता.

"आप्पा, तुम्ही मला देणार तर कुठं देणार? दुसऱ्याच्यात का आपल्याच्यात?"

"आपल्याच्यातच. दुसऱ्याच्यात कशाला देऊ?"

"मंग त्यानं बी आपल्याच्यातच दिला. त्यात त्याचं काय चुकलं?"

बद्रीनाथ रिसीव्हरकडे बघत राहिले. त्यांच्या मिशीखाली काही तरी हललं. आधी मला वाटलं, संतापले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि तो माणूस, जो सगळ्या प्रवासात एकदाही हसला नव्हता, त्या काचेच्या खोक्यात इतका हसला की बूथवाला दार उघडून बघायला आला. "लई वांड हाय ही पोरगी," ते मला म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून बाहेर पडले.

बाहेर जाऊन त्यांनी कडूबाला हाक मारली. कडूबा आला आणि खाली बघत उभा राहिला. बद्रीनाथांनी कोटाचा एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग बंडीचा आतला. पोरं टक लावून बघत होती.

"सुपारी आणलीच न्हाई मी," बद्रीनाथ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लाजताना कोणी पाहिलं असेल. "गोल व्हईल आसं मला वाटलंच नव्हतं, बाबा. तुला न्हाई म्हणायलाच आल्तो मी."

त्या बाजारात सुपारी कुठून मिळणार? बूथवाल्याच्या गल्ल्याशेजारी टोपलीत अक्रोड होते. ह्यांनी त्यातला एक उचलला आणि सुपारीऐवजी अक्रोड चालेल का, यावर तोंड उघडलं. मी फक्त पाहिलं, त्यांनी ते मिटलं. बद्रीनाथांनी अक्रोड दगडावर ठेवला, कडूबाच्या हातातली काठी मागून घेतली आणि हळूच ठोका दिला. टरफल फुटलं. अर्धा गर त्यांनी कडूबाच्या तळहातावर ठेवला आणि उरलेला अर्धा उषासाठी रुमालाच्या टोकाला बांधून घेतला.